सरंगा, मोरी की बांगडा? मालवणच्या बाजारात पाटीसमोर उभं राहिल्यावर

समुद्र वाचवायचा तर मासे खाणं सोडा, असं सांगणाऱ्याने आमच्या किनाऱ्यावर एक महिना राहून दाखवावं. इथे रोजच्या जेवणाला कालवण लागतं. त्यामुळे मासे खायचे की नाही हा प्रश्नच नाही. कोणता मासा घ्यायचा, केवढा आणि कधी, एवढंच आपल्या हातात आहे.

आधी सरंगा, म्हणजे पापलेट. 2023 मध्ये तो राज्य मासा झाला, आणि त्याच वर्षी मासे पकडण्यासाठी किमान आकारही ठरवले गेले. पापलेटाचा आहे 135 मिलिमीटर. तळहातात मावणारं पापलेट म्हणजे एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू. मोह तिथेच होतो, कारण मोठा सरंगा परवडत नाही आणि पिल्लांचा वाटा स्वस्तात मिळतो. त्याच पैशात बांगडे किंवा तारल्या घ्या. हे मासे लवकर वाढतात, लवकर अंड्यावर येतात आणि थव्याने सापडतात. बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं दुसऱ्या दिवशी अधिकच मुरतं, हा नोकरी करणाऱ्या घराला वरचा फायदा. अडचण काट्यांची. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर मुडदुशे घ्या, थोडे महाग पडले तरी.

मोरीचा, म्हणजे शार्कचा, निर्णय मात्र अवघड. बाळंतिणीला मोरी द्यायची ही आपल्याकडची जुनी समजूत, आणि ती मायेपोटी आलेली आहे. पण शार्क उशिरा वयात येतो, पिल्लं मोजकीच होतात, आणि बाजारात वीतभर मोऱ्यांचे ढीग दिसतात ती पिल्लंच असतात. मोठी मोरी घ्यावी तर तिच्या मांसात पारा साठलेला असतो, तोही नेमका अंगावर पाजणाऱ्या आईच्या ताटात जायला नको. इथे समुद्राचं हित आणि घराचं हित एकच आहे, म्हणून मी मोरी सरळ नाही म्हणेन. सासूबाईंना समजावायला वेळ लागेल, तोवर तारलीचं सार चालू करा.

रापणीचा मासा की पर्ससीनचा? पर्ससीनचं जाळं अख्खा थवा वेढून घेतं. एलईडी दिव्यांनी मासा ओढण्यावर तर 2017 पासून बंदी आहे. रापण किनाऱ्यावरून माणसं ओढतात आणि मिळकत वाटून घेतात, म्हणून माझा कल तिकडे. तरी बारीक जाळ्यात पिल्लं रापणीतही येतात. शिवाय रापण लागेपर्यंत वाळूत थांबायला ऑफिसवाल्याला वेळ कुठला? पाटीतला मासा कुठल्या जाळ्यातला हे दरवेळी कळतही नाही. मासे विकणाऱ्या मावशीला विचारा, सांगितलं तर उत्तम. नाही कळलं तर आकार बघून घ्या आणि मनाला लावून घेऊ नका.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद असतात. तेव्हा बर्फातली सुरमई शोधत फिरण्यापेक्षा मे महिन्यात खारवलेले बांगडे, सुकट आणि बोंबील भरून ठेवा. ओल्या मासळीची तलफ आलीच तर खाडीच्या तिसऱ्या घ्या, पण मोठ्या निवडून; आणि कुर्लीच्या पोटाला अंडी चिकटलेली दिसली तर ती घेऊ नका.