जनुक की मेंदूतलं रसायन?

नैतिक निर्णयात हात कुणाचा मोठा? जनुकांच्या बाजूने एमएओए या जनुकाचं नाव हमखास पुढे येतं. 1993 साली नेदरलँड्समधल्या एका कुटुंबात हे जनुक निकामी असलेले पुरुष आढळले. ते चटकन हिंसक होत. पण 2002 मध्ये न्यूझीलंडमधल्या डनेडिनच्या मुलांचा अभ्यास आला आणि चित्र पालटलं. जनुकाचा मंद, म्हणजे कमी काम करणारा प्रकार आणि लहानपणी सोसलेला छळ, दोन्ही एकत्र आले तर समाजविघातक वागण्याचा धोका वाढत होता. तरी 2009 मध्ये इटलीतल्या एका न्यायालयाने जनुकचाचणी विचारात घेऊन खुन्याची शिक्षा वर्षभराने घटवली. मला ही घाई वाटते.

रसायनाचा पुरावा मला जास्त पटतो, कारण तिथे प्रत्यक्ष बदल करून पाहता येतो. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी लोकांना सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणाऱ्या सिटालोप्राम या औषधाचा एकच डोस दिला. पाच जणांना वाचवण्यासाठी एकाला गाडीखाली ढकलणं योग्य का? अशा प्रश्नांना ते जास्त वेळा ‘नाही’ म्हणाले. पैसे वाटण्याच्या खेळात समोरच्याने केलेली वाटणी अन्यायाची असली, तरी ती नाकारून त्याचं नुकसान करणं त्यांनी कमी वेळा निवडलं. परिणाम मात्र तात्पुरता.

शिवाय या बाजू पुरत्या वेगळ्या नाहीतच: एमएओए जनुक ज्या विकराची (एन्झाइमची) घडण ठरवतं, तोच सेरोटोनिनचं विघटन करतो.