लेदरच्या नावाखाली गळ्यात मारलेला लॉट

चामड्याच्या जुन्या पर्स विकत घ्यायच्या, घरी साफ करायच्या, शिलाई-रंग बघून पुन्हा विकायच्या, हे काम आपल्या कोकणातही बऱ्याच जणी करू लागल्या आहेत. मी चिपळुणात हेच करते. गेल्या मे महिन्यात मुंबईच्या एका व्यापाऱ्याने मला शंभर टक्के लेदर म्हणून जो माल दिला, त्यात लेदर नव्हतं आणि ते नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माल खपवायची त्याची पद्धत इतकी घोटलेली होती की त्याच्या तावडीत सापडलेली मी एकटी नक्कीच नसणार. म्हणून सगळं बैजवार लिहिते.

या कामाकडे मी पुरामुळे वळले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी घराघरांत शिरलं आणि कपाटंच्या कपाटं चिखलात गेली. मामीची एक जुनी पर्स टाकून द्यायच्या ढिगात पडली होती. ती ओली असतानाच चिखल धुऊन काढला, आत कोरे कागद कोंबून पंख्याखाली सावलीत सुकवली, मग चामडं मऊ ठेवणारं कंडिशनर थोडं थोडं मुरवलं. मामी ती पर्स आजही वापरते. खरं कातडं किती सोसतं ते तेव्हा बघितलं. पुढे शाळेतल्या बाई, बँकेतल्या मुली, गणपतीत येणाऱ्या माहेरवाशिणी असं गिऱ्हाईक जमत गेलं.

जाहिरात मोबाइलवर आली. ‘एक्सपोर्ट सरप्लस आणि थोड्या वापरलेल्या, प्युअर लेदर, १८ नगांचा लॉट.’ एका पर्सचे ६५० रुपये, पार्सलचे ९०० वेगळे, सगळे मिळून १२,६००. दर फार कमी असता तर शंका आली असती. हा दर असा बेतलेला होता की घासाघीस करून घेतल्याचं समाधान मिळावं आणि संशयाला जागा राहू नये.

मग त्याने व्हिडिओ कॉल केला. एक तपकिरी पर्स हातात घेऊन तिच्यावर पाण्याचा थेंब सोडला, थेंब मुरला. लायटर पेटवून ज्योत क्षणभर कडेला लावली, काही झालं नाही. अंगठ्याने दाबून सुरकुत्या दाखवल्या. ‘ताई, रेक्झिन असतं तर वितळलं असतं,’ असं वर सांगितलं. ऐकणाऱ्याला हे पटतंच. पण या तिन्ही गोष्टींनी काहीही सिद्ध होत नाही, हे नीट समजून घ्या. थेंब मुरणं-न मुरणं वरच्या लेपावर अवलंबून असतं. जाड रंगाचा थर दिलेल्या अस्सल चामड्यावरूनही पाणी ओघळून जातं. ज्योत क्षणभरच लागली तर बरंचसं कृत्रिम कापडही तग धरतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कॅमेऱ्यासमोर जी पर्स आहे ती लॉटमधलीच आहे याला पुरावा काय? मला आलेल्या खोक्यात ती तपकिरी पर्स होती आणि ती खरोखर चामड्याची होती. बाकीच्या सतरा नव्हत्या.

पार्सल खासगी बसने आलं. खोकं उघडताच चामड्याचा घमघमाट सुटला. हा वासही विकत मिळतो. लेदरच्या सुगंधाचं अर्क-तेल असतं, ते अस्तरावर शिंपडलं की काम झालं. पर्स झळकत होत्या, चेनचे रनर सुरळीत सरकत होते. सोबतच्या हाती लिहिलेल्या बिलावर मात्र शब्द होते ‘लेदर फिनिश बॅग’. चॅटमध्ये ‘प्युअर लेदर’, जाहिरातीत ‘प्युअर लेदर’, आणि पैसे पोचल्यावर जो कागद हातात आला त्यावर ‘लेदर फिनिश’. उद्या कुणी जाब विचारलाच तर दाखवायला केलेली ही सोय होती.

माझी साफसफाईची रीत ठरलेली आहे. आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढायची, अस्तर उलटं करून झटकायचं, मग पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने पुसायचं, गरज लागली तरच सॅडल सोप, म्हणजे चामड्यासाठीचा खास साबण. चामडं मुळात किंचित आम्लधर्मी असतं, म्हणून खाण्याचा सोडा किंवा भांड्यांचा साबण त्याला मी कधीच लावत नाही. बुरशी असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समभाग, तेही आधी आतल्या कोपऱ्यावर लावून बघून. खोबरेल तेल लावायचा सल्ला घरोघरी मिळतो. तो ऐकू नका, त्याने कातडं काळवंडतं आणि आपल्या दमट हवेत त्यावर बुरशी धरते.

पहिल्या काळ्या पर्सवर फडकं फिरवलं आणि ते कोळशासारखं काळं झालं. रंगवलेल्या जुन्या लेदरचाही थोडा रंग सुटतो, इतका नाही. हे बूटपॉलिश होतं, थरावर थर दिलेलं. ते निघालं तसं खाली बारीक भेगा आणि त्या बुजवायला भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, दिसली. आणखी दोनदा पुसल्यावर पट्ट्याच्या मुळाशी पापुद्रा उचलला गेला आणि त्याखाली पांढरट विणलेलं कापड उघडं पडलं. चामड्याला भेग पडते, त्याचे तंतू उसवतात. त्याचा प्लास्टिकसारखा पापुद्रा सुटून खाली कापड लागत नाही.

जूनचा पाऊस लागला आणि उरलेल्या पर्सची कथा आपोआप उलगडली. मी त्या वर्तमानपत्रात गुंडाळून लाकडी कपाटात ठेवल्या होत्या. एक लाल पर्स सोडवायला गेले तर कागद चिकटलेला. ओढून काढला तेव्हा पर्सच्या अंगावर बातमीची अक्षरं उलटी उमटलेली होती, शीर्षकासकट वाचता येतील इतकी स्पष्ट. हात लावला तर गुळासारखा चिकटा.

हे असं का होतं, ते सांगते, कारण किनारपट्टीवर राहणाऱ्या प्रत्येकीला ते माहीत हवं. रेक्झिनवरचा लेप अनेकदा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा असतो. त्यातल्या स्वस्त प्रकारांचे रासायनिक बंध हवेतल्या ओलाव्याने तुटतात. याला हायड्रोलिसिस म्हणतात. लेप आधी चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे सुटतात. वस्तू वापरलीच पाहिजे असं नाही, गोदामात पडून राहिली तरी हे चालू असतं. म्हणूनच ‘सरप्लस’ म्हणून कित्येक वर्षं पडून राहिलेला माल दिसायला कोरा आणि आतून संपलेला असू शकतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या आपल्या भागात त्याचा निकाल एका पावसाळ्यात लागतो. आणि अशा पर्सवर कंडिशनर चोळून उपयोग शून्य, कारण ते मुरायला आत कातडंच नसतं. एकदा लेप सुटायला लागला की घरी करण्यासारखी दुरुस्ती उरत नाही.

मग दोन-तीन पर्स घेऊन मी बाजारातल्या चप्पल शिवणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी एकीचा पट्टा रापीने, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराने, तिरका कापला आणि काप उजेडात धरला. वर झिल्ली, मधे तपकिरी चुरा, खाली कापड. चुऱ्यावर त्यांनी नख ओढलं तर तो भाकरीच्या पिठासारखा झडला. ‘ताई, हे कातडं नाही, कातड्याचा भुसा आहे,’ ते म्हणाले. यालाच बॉन्डेड लेदर म्हणतात. कारखान्यात उरलेले चामड्याचे तुकडे दळून, डिंकासारख्या रसायनात कालवून, कापडावर थापतात आणि वर पीयूचा लेप देऊन त्यावर कातड्याची नक्षी उठवतात. त्यात चामड्याचा अंश खरोखर असतो, म्हणून विकणाऱ्याला ‘लेदरच आहे’ म्हणायला तोंड राहतं. मग त्याच जागी माझी तपकिरी पर्स कापून बघितली. आरपार एकसारखे, एकमेकांत गुंतलेले तंतू, मधोमध किंचित निळसर छटा. क्रोमने कमावलेल्या चामड्यात ती अनेकदा दिसते.

व्यापाऱ्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, तुमच्या साबणाने खराब झालं. मग म्हणाला, तुम्ही धंदा करता, तुम्हाला ग्राहक कायदा लागू नाही. हे सरसकट खरं नाही आणि असं ऐकून पुष्कळ बायका गप्प बसतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्पष्ट आहे की केवळ पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारात स्वतः वापरायला घेतलेला माल ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही. मात्र पुन्हा विकण्यासाठी माल घेणाऱ्याला हा कायदा ग्राहक मानत नाही, त्यामुळे माझ्यासारख्या व्यवहारात तक्रार टिकेलच असं नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. तक्रार ऑनलाइनही भरता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी बोलून घ्या.

मी आयोगाचं नाव काढताच त्याचा सूर बदलला. ‘पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका,’ असा निरोप आला. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. मी कोड उघडलाच नाही. आधीच्या नुकसानीने कावलेल्या माणसाला परताव्याचं आमिष दाखवून उरलेसुरले पैसेही काढून घ्यायचे, हा या फसवणुकीचा दुसरा हप्ता आहे, आणि मला पहिल्यापेक्षा त्याचाच जास्त संताप आला. त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे जाऊन बरेच दिवस झाले असल्यामुळे ते तिथे अडवता आले नाहीत. तुमच्या बाबतीत नुकतंच घडलं असेल तर पहिला फोन १९३० लाच करा, तिथे जितकी घाई तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त. माझी तक्रार आता रत्नागिरीच्या जिल्हा आयोगाकडे आहे.

आता मी कुठलाही लॉट घेताना चकचकीत फोटो बघतच नाही. पुसायच्या आधीचे, धुळीतले फोटो मागते. प्रत्येक नगाच्या तीन जागा जवळून दाखवायला लावते. चेनचं टोक जिथे शिवणीत शिरतं ती आतली कड, पट्ट्यावरची बक्कलची भोकं आणि कडीखालचा दुमडलेला भाग. कडेला रंगाचा जाड थर दिलेला असतो, त्यामुळे बाहेरची कड बघून काही कळत नाही. या तीन जागी मात्र कापलेला भाग सहसा उघडा राहतो. तंतू दिसले तर पुढे बोलायचं. कापड किंवा चुरा दिसला, किंवा ‘ताई, एवढं बारीक कोण बघतं’ असं उत्तर आलं, तर व्यवहार तिथेच थांबवायचा. ओल्या पांढऱ्या कापसाने आतल्या बाजूला घासून कापूस दाखवा, असंही सांगते. पॉलिश लपत नाही. आणि ‘प्रत्येक नग चामड्याचा आहे, नसल्यास पूर्ण रक्कम परत’ एवढं बिलावरच लिहून मागते. चॅटवरचा शब्द आणि बिलावरचा शब्द वेगळा दिसला की पैसे द्यायचे नाहीत.

माल आधीच येऊन पडला असेल तर चॅट पुसू नका, फोन बदलायची घाई करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि तेव्हा मूळ फोन जवळ असलेला बरा. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, बिल आणि पार्सलची पावती एकत्र ठेवा. आणि पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय पर्स परत पाठवू नका, व्यापारी कितीही गोड बोलला तरी. माझ्या सतरा पर्स कापलेल्या पट्ट्यांसह प्लास्टिकच्या पेटीत बंद आहेत, सुनावणीला त्याच दाखवायच्या आहेत.