अम्बॅसॅडरचं नवं डेल्को : साडेतीन तारे, त्यातला एक चाचांचा

डिस्ट्रिब्युटरला आमच्याकडे कोणी डिस्ट्रिब्युटर म्हणत नाही. मोर्शीपासून वरुडपर्यंत कोणत्याही जुन्या मिस्त्रीला 'डेल्को' म्हणा, बरोबर तीच वस्तू काढून हातात देईल. म्हणून मीही डेल्कोच लिहितो. इंजिनच्या प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं ठिणगी वाटणारी ती वस्तू.

गाडी १९८४ ची अम्बॅसॅडर मार्क फोर, पेट्रोल, १४८९ सीसी. बाबांनी जुनीच घेतली होती, संत्र्याच्या मळ्यात जायला. लोकांना वाटतं मी ती हौसेनं सांभाळतो. खरं म्हणजे दर दोन वर्षांनी विकायला काढतो आणि भंगारवाल्याचा भाव ऐकून परत घरी आणतो.

उन्हाळ्यापासून ती मिस मारत होती, म्हणजे मधूनमधून ठिणगी चुकवून झटके देत होती. प्लग बदलले, तारा बदलल्या, कार्बोरेटर दोनदा उघडला. पॉइंट, म्हणजे डेल्कोतली उघडझाप करणारी टोकं, १५ थाऊच्या (इंचाचे १५ हजारांश) फटीवर लावले की दोन दिवस गुण यायचा, मग पुन्हा तेच. शेवटी मोर्शीच्या चाचांकडे, म्हणजे तिथल्या जुन्या मिस्त्रीकडे नेली. त्यांनी कॅप, म्हणजे डेल्कोचं झाकण काढलं, रोटर (आत फिरून एकेका तारेला ठिणगी देणारा तुकडा) दोन बोटांत धरला आणि आडवा हलवला. खटखट आवाज आला. "भाऊ, हे मानेत ढिल्लं झालं. बुश गेलं." म्हणजे मधला दांडा, शाफ्ट, धरणारी बाही झिजली. मग फिलर गेज (फट मोजायची पट्टी) घेऊन पॉइंट उघडणाऱ्या कॅमच्या चारही उंचवट्यांवर गॅप मोजून दाखवला. एकावर १५, त्याच्या समोरच्यावर १९. शाफ्टच डोलत असेल तर पॉइंट कितीही नीट लावा, दोन सिलिंडरना ठिणगी एका वेळी आणि दोघांना भलत्याच वेळी मिळणार. एवढी साधी गोष्ट मला चार महिने कळली नव्हती.

जुनं डेल्को लुकास कंपनीचं, गाडीबरोबरचंच असावं. नवं मी ऑनलाइन मागवलं, ४,८५० रुपयांना. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण हाच माल तीन-चार नावांनी विकायला आहे आणि फोटोसुद्धा तोच आहे. आमच्या गावात कुरिअर येत नाही, वरुडहून आणावं लागलं.

आता माल. खोकं उघडल्यावर आधी शाफ्ट हलवून पाहिला, तसूभरही हलत नव्हता. कॅप जाड, आतले पितळी बिंदू स्वच्छ. रोटर घट्ट बसतो. प्लेट काढून खालची वजनं आणि स्प्रिंग पाहिल्या, मोकळ्या होत्या, हलकं ग्रीस लावलेलं होतं. इथवर पैसे वसूल. पण जुन्याला बाजूला एक बारीक खाचांचा नट होता, तो फिरवला की टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, केसभर पुढे-मागे व्हायचं. नव्याला तो नाहीच. व्हॅक्यूमच्या (इंजिनच्या ओढीनं टायमिंग बदलणाऱ्या) पाइपचं तोंडही जुळत नाही, जुन्याला आट्यांचा नट आणि नव्याला नुसती नळी. मी फवारणी पंपाची नळी कापून लावायला निघालो होतो. चाचा म्हणाले, "संत्र्याले औषध मारून रायले काय?" आणि पेट्रोलचा रबरी पाइप काढून दिला.

सोबतच्या कागदावर एक चित्र आणि इंग्रजीच्या सहा ओळी आहेत. जे लिहायला हवं होतं तेच नाही. ते मला स्वतः भोगून कळलं.

झालं असं, की बसवायचं काम मी घरीच करायला घेतलं. चाचांनी "काढायच्या आधी रोटर कुठं पाहते ते खडूनं लिवून ठेवजा" असं बजावलं होतं. खूण केली, तारांना कागदी चिठ्ठ्याही बांधल्या. क्लॅम्पचा बोल्ट सैल केला, जुनं वर आलं, नवं खाली सरकवलं. डेल्कोच्या खालचं खाचेत बसणारं टोक मधोमध नसतं, जरा एका बाजूला असतं. त्यामुळे ते एकाच पद्धतीनं बसतं, उलटं बसतच नाही. टक्कन बसलं, तेव्हा मला वाटलं आपण मिस्त्रीच झालो. तारा जुन्या कॅपसारख्या जशाच्या तशा लावल्या आणि भाच्याला हँडल मारायला सांगितलं.

कार्बोरेटरमधून असा फटाका उडाला, की गोठ्यातली गाय दावं तोडायच्या बेतात. आई दारात येऊन म्हणाली, "काहून रे, पोळा व्हायच्या आतच दिवाळी काढली काय?" आणखी तीन वेळा मारलं. तीनही वेळा फटाका, गाडी काही सुरू होईना. शेवटी ट्रॅक्टरला बांधून मोर्शी.

चाचांचं दुकान म्हणजे कडुनिंबाखाली टिनाचं छप्पर, पाटी नाही. त्यांनी मला काही विचारलं नाही. एक नंबरचा, म्हणजे रेडिएटरकडचा, प्लग काढला. डब्यातून पऱ्हाटीचा कापूस घेतला (दुकानातल्या बंडलचा त्यांना चालत नाही, का ते देव जाणे) आणि प्लगच्या भोकात हलकेच बसवला. भाचा हँडल सावकाश फिरवत होता. फुस्स करून बोळा बाहेर उडाला. म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, पिस्टन दाबत वर येतोय. मग चाचा गाडीखाली गेले. पुलीवर एक खाच असते आणि टायमिंग कव्हरला काटे. खाच पिस्टनच्या वरच्या टोकाच्या पाच अंश अलीकडे आणली. आता कॅप काढली, तर रोटर माझ्या एक नंबरच्या तारेकडे पाठ करून उभा.

कारण एवढंच, की या नव्या मालात खालचं टोक पिनेनं उलट्या बाजूला ठोकलेलं आहे. बसतं जुन्यासारखंच, पण रोटर नेमका विरुद्ध बाजूला बघतो. मी तारा जुन्या जागी लावल्या, त्यामुळे ठिणगी रोटरचा पूर्ण अर्धा फेरा उशिरा, नेमकी व्हॉल्व्ह उघडे असताना पडत होती. चाचा म्हणाले, "रोटर पाहते तिकडं एक नंबर. जुनी कॅप काय म्हनते ते इसरा." तिथून घड्याळाच्या उलट, सिलिंडर पेटायच्या क्रमानं, एक, तीन, चार, दोन. प्रत्येक तार दोन घरं सरकली. एक तार तोकडी पडायला लागली, ती बदलली.

टायमिंग त्यांनी बल्बवर लावलं. बारा व्होल्टचा बल्ब, एक तार डेल्कोच्या स्क्रूला, दुसरी बॉडीला. चावी लावून डेल्कोचं अंग सावकाश फिरवायचं. बल्ब पेटला त्या क्षणी पॉइंट उघडला, तिथंच थांबायचं. क्लॅम्पचा बोल्ट मी दात-ओठ खाऊन आवळणार होतो, त्यांनी पाना काढून घेतला. "लय ताकत लावू नका, पट्टी चिरते." अर्ध्या हँडलला गाडी सुरू झाली. मजुरी ६०० रुपये.

सहा दिवस गाडी लोण्यासारखी चालली. सातव्या दिवशी अमरावतीहून येताना गरम झाली आणि मोर्शीच्या अलीकडे हळूहळू जीव सोडल्यासारखी बंद पडली. अर्धा तास थंड होऊ दिली, सुरू झाली, दोन किलोमीटरवर पुन्हा बंद. रस्त्यावरच कॅप उघडली. पॉइंटची टोकं निळी-काळी, एकावर फोड आल्यासारखा उंचवटा. कंडेन्सर गेला. पॉइंट उघडताना उडणारी चमक खाऊन टाकणं हे त्याचं काम. तो गरम होऊन फितूर झाला की ती चमक पॉइंटला जाळते आणि प्लगला ठिणगी मिळत नाही. जुनं डेल्को डिकीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. त्याचा किती वर्षांचा तो कंडेन्सर आणि पॉइंट काढून नव्यात लावले. त्यावर आजपर्यंत चालू आहे.

विकणाऱ्याला फोटो पाठवला. 'इलेक्ट्रिकल वस्तू परत घेतल्या जात नाहीत,' एवढंच उत्तर आलं. मग विकता तरी कशाला, हा माझा प्रश्न तसाच राहिला.

तर हिशोब असा. बॉडी, शाफ्ट, कॅप यांचे अडीच तारे. सोबतचा कंडेन्सर खोक्यातच राहू द्या, चांगल्या नावाचा वेगळा घ्या. कागदाला शून्य. उरलेला एक तारा चाचांचा, त्या कापसाच्या बोळ्यासाठी.

त्यांच्याकडे जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर रांग लागते. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. जुनं डेल्को सोबत न्या, आधी तेच मागतात.