'वर्ल्डवॉर' की 'कोलोनायझेशन': सुरुवात कुठून करावी?

अमेरिकन लेखक हॅरी टर्टलडव्हच्या या दोन्ही कादंबरी-मालिकांचं जग एकच आहे. १९४२ मध्ये, दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, सरड्यांसारखे दिसणारे परग्रहवासी पृथ्वीवर चालून येतात. स्वतःला ते 'द रेस' म्हणवतात. 'वर्ल्डवॉर'चे चार खंड (१९९४-९६) त्या लढाईचे; 'कोलोनायझेशन'चे तीन (१९९९-२००१) १९६० च्या दशकातल्या शेजाराचे. सातही खंड जाडजूड आहेत, तेव्हा आधी ठरवून घेतलेलं बरं.

'वर्ल्डवॉर'ची मूळ कल्पनाच मला फार आवडते. रेसच्या टेहळणी यानाने बाराव्या शतकात पृथ्वीवर घोड्यावरचा चिलखती भालाईत पाहिलेला असतो. त्यांच्याकडे साधा बदल व्हायलाही शतकं जातात, म्हणून ते त्याच भालाइताशी लढायच्या तयारीने येतात आणि समोर रणगाडे उभे! त्याहून खोल आहे मोइशे रूसीची गोष्ट. वॉर्साच्या घेट्टोतला, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतला, हा ज्यू. नाझींच्या तावडीतून सरड्यांनी सोडवलं, मग त्यांना उपकारकर्ते म्हणायचं की मानवजातीचे शत्रू? पुढे मात्र आघाड्या आणि अणुबॉम्बची धावपळ यांत पानंच्या पानं जातात, तेच तपशील पुन्हा पुन्हा येतात.

सहजीवनाची खरी कसोटी 'कोलोनायझेशन'मध्ये लागते. १९६२ मध्ये वसाहतवाल्यांचा ताफा येतो. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि आपला भारतही रेसच्या ताब्यात; अमेरिका, सोव्हिएत संघ, जर्मनी स्वतंत्र. आपण चहात घालतो ते आलं या सरड्यांसाठी जबरदस्त नशा. हातावर चिमूटभर पूड घ्यायची, दुभंगलेल्या जिभेने चाटायची, की घटकाभर जग आपलंच वाटतं. मग तेवढीच खोल मरगळ. पहिल्या मालिकेत हे सैनिकांचं व्यसन होतं. इथे ताफ्याबरोबर माद्या येतात आणि आल्याने त्या अवेळी माजावर येतात. ठरावीक ऋतूतच मीलन करणाऱ्या समाजाची घडीच त्याने विस्कटते.

आणि कॅसक्विट! ही माणसाची मुलगी, तान्ही असल्यापासून सरड्यांनी वाढवलेली. तिच्या चेहऱ्यावर हसू उमटत नाही, कारण पाळण्यात असताना तिच्याकडे पाहून कुणी हसलंच नाही. तिकडे अमेरिकेत सरड्यांचा जाणकार लष्करी अधिकारी सॅम यीगर याच्या घरी सरड्यांची दोन पिल्लं माणसांसारखी वाढताहेत. आपण केलं ते यीगरला प्रेमाचं वाटतं. कॅसक्विटला भेटल्यावर ते तसं वाटणं अवघड होतं. सात खंडांत मला सगळ्यात जास्त याच धाग्याने धरून ठेवलं.

म्हणून माझा सल्ला: 'वर्ल्डवॉर'चा पहिला खंड, 'इन द बॅलन्स', वाचा आणि थेट 'कोलोनायझेशन'वर या. मधल्या तीन खंडांतून एवढंच लक्षात ठेवा की माणसांनीही अणुबॉम्ब बनवले आणि त्या धाकाने तह झाला. रणांगणाची आवड असेल तर चारही खंड क्रमाने घ्या. याच जगातलं पुढचं पुस्तक, २००४ चं 'होमवर्ड बाउंड', मात्र कॅसक्विट मनातून जात नसेल तरच.