सेन आणि त्याची ती डीएलएल फाइल : तीन आठवडे वापरून लिहितोय

आधी कशाचा रिव्ह्यू ते सांगतो. लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) स्कॅनर चालवायला सेन म्हणून सॉफ्टवेअर असतं, पूर्ण नाव स्कॅनर ॲक्सेस नाऊ ईझी, फुकट आहे, आणि त्यातला तो 'ईझी' ज्यानं घातला त्याला एकदा सांगलीला आणून आमच्या मामांसमोर बसवायचाय. तरी ५ पैकी ४ स्टार देतोय.

मामांची मार्केट यार्डात हळदीची अडत होती, आता बंद केलीय. जुने रोजमेळ, खतावण्या, पट्ट्यांचे गठ्ठे सगळं गावभागातल्या घरी. २०१९ च्या महापुरात खालच्या वह्या भिजल्या, त्या गच्चीवर वाळवल्या, २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा मामी म्हणाली की एकतर हे रद्दीत घाला नाहीतर कॉम्प्युटरमध्ये घाला, दर पावसाळ्यात मी हे माळ्यावर चढवणार नाही. पणजोबांच्या दोन वह्या मोडीत आहेत त्यामुळं रद्दीचा विषयच नव्हता, तरी चालढकल करत करत यंदा मुहूर्त लागला. स्कॅनर म्हणजे ओळखीतनं घेतलेला जुना कॅनन लाइड ११०, यूएसबीच्या वायरीवरच चालतो, वेगळा ॲडॉप्टर नाही, आणि लॅपटॉपवर लिनक्स मिंट.

पहिल्या दिवशीचा किस्सा. एक्ससेन, म्हणजे सेनवर चालणारा बटणांचा स्कॅनिंग प्रोग्रॅम, उघडलं, यादीत दोन नावं आली, मामांनी वरचं निवडून प्रिव्ह्यू दाबला आणि स्क्रीनवर मामांची हनुवटी! "अरे हे माझाच फोटो काढतंय की रे." झालं असं होतं की सेनमध्ये व्हीफोरएल नावाचा एक ड्रायव्हर (मशीनशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम) असतो, तो लॅपटॉपच्या कॅमेऱ्यालाच स्कॅनर म्हणून पुढं करतो. आम्ही अर्धा तास हसलो आणि मग मी ती फाइल उघडली. तिथनं पुढं चूक सगळी माझी.

फाइल म्हणजे डीएलएल डॉट कॉन्फ, लिनक्सच्या सेटिंगच्या इटीसी फोल्डरात सेन डॉट डी फोल्डर असतं त्यात सापडते. साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीवर एका ड्रायव्हरचं नाव, पुढं # लावला की ती ओळ बंद. सेनवाले ड्रायव्हरला बॅकएंड म्हणतात. मामांनी विचारलं हे डीएलएल म्हणजे नेमकं काय, तर मी म्हटलं मामा हा अडत्या आहे. अडत्याकडं स्वतःचा माल नसतो, खरेदीदार येतो, भाव त्याच्याशीच बोलतो, आणि अडत्या कुणाचा माल कुठं पडलाय ते बघून पुढं आणतो. तसं एक्ससेनला वाटतं आपण एकाच ड्रायव्हरशी बोलतोय, पण हा डीएलएल स्वतः कुठलाच स्कॅनर चालवत नाही, यादी वाचतो आणि लागेल तसा खरा ड्रायव्हर त्या वेळी मेमरीत ओढतो. मामांना एका मिनिटात पटलं, मला त्यांच्यापेक्षा जास्त वेळ लागला होता.

तर व्हीफोरएलपुढं # लावला, कॅमेरा गेला. तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण यादी ही एवढी लांब, आणि स्कॅनर शोधताना हा प्रत्येकाला उठवून विचारतो तुझा माल आहे का, मग वेळ लागतो. म्हटलं नको ती नावं बंद करू. हे करायला काही हरकत नसते, खरंच स्पीड वाढतो. पण मी काय केलं, आपला स्कॅनर कॅननचा म्हणून कॅनन नावाची ओळ चालू ठेवली आणि बाकी सगळ्यांना #. झालं, स्कॅनर गायब.

इथं बरेच जण फसत असणार. यादीत कॅनन नावानं सुरू होणारी चार-पाच नावं असतात, त्यातला नुसता कॅनन हा जुन्या स्कझी केबलवाल्या स्कॅनरसाठी, कॅनन पीपी पॅरलल पोर्टवाल्यांसाठी, कॅनन डीआर कागद ओढून घेणाऱ्या ऑफिसच्या मशीनसाठी, आणि पिक्स्मा प्रिंटर-कम-स्कॅनरसाठी वेगळाच. लाइड ११० ला यातला एकही लागत नाही, त्याला लागतो जेनेसिस, कारण आत चिप जेनेसिस लॉजिकची आहे. ड्रायव्हर चिपवर ठरतो, बाहेरच्या स्टिकरवर नाही. त्यातही लाइड २० आणि ३० ला प्लसटेक लागतो, म्हणजे लाइड-लाइड भाऊ पण गोत्र वेगळं.

हे कळल्यावर जेनेसिसची ओळ हातानं टाइप केली. तरी नाही. आता घोळ बघा, टर्मिनलवर (कमांड टाइप करायची खिडकी) सेन-फाइंड-स्कॅनर चालवलं की ते म्हणतंय यूएसबीवर स्कॅनर आहे, आणि स्कॅनइमेज डॅश एल म्हणतंय एकही सापडला नाही. दोन्ही खरं बोलत असतात, पहिलं फक्त वायरीवर काय लटकलंय ते बघतं, ड्रायव्हर आहे का नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही, दुसरं यादीतल्या ड्रायव्हरांना विचारून सांगतं. मग एक गोष्ट करून बघितली, स्कॅनइमेजला डॅश डी देऊन जेनेसिस हे नाव थेट दिलं, आणि मशीन घर्रर्र करून चालू! नाव थेट दिलं की डीएलएल तो ड्रायव्हर यादीत नसला तरी ओढतो. म्हणजे स्कॅनर ठीक, ड्रायव्हर ठीक, घाण फाइलमध्येच. सेन डीबग डीएलएल म्हणून एक व्हेरिएबल असतो, त्याला आकडा दिला की डीएलएल काय करतोय ते बोलून दाखवतो, त्याला ५ दिलं आणि परत चालवलं, तेव्हा दिसलं की अमुक बॅकएंड सापडला नाही म्हणून ओरडतोय, आणि का, तर मी जेनेसिसच्या शेवटी वाय-एसच्या जागी आय-एस टाइप केलेलं. एका अक्षरासाठी अख्खा रविवार.

एक स्टार इथंच कापलाय. यादीत चुकीचं नाव असलं तरी हा गडी एरवी गप्प पुढं जातो, एक शब्द बोलत नाही. त्यामागं कारण आहे, यादीत नाव आहे पण तो ड्रायव्हर मशीनवर टाकलेलाच नाही असं नेहमीच होतं, दरवेळी बोंबलला तर वैताग येईल. पण निदान एक ओळ?

बाकी चांगलं म्हणजे बाहेरच्या पॅकेजना मूळ फाइलला हात लावायची गरज नाही, शेजारी डीएलएल डॉट डी फोल्डर आहे त्यात ती आपापली छोटी फाइल टाकतात. चुलतभावाकडं एचपीचं ऑल-इन-वन आहे, त्याची ओळ तशीच आली. मात्र त्या फोल्डरातनं नावं वाढवता येतात, कमी करता येत नाहीत. त्याच्याकडं एकच मशीन यादीत तीनदा दिसत होतं, एकदा एचपीच्या ड्रायव्हरनं, एकदा ईएससीएलनं, एकदा एअरस्कॅननं (हे दोघं बऱ्याच कंपन्यांची नवी नेटवर्क मशीन चालवणारे ड्रायव्हर). घाबरू नका, जो चालतो तो ठेवा.

नेटवर्कचं थोडक्यात. स्कॅनर खाली मामांच्या लॅपटॉपला, मी वर. खाली सेनडी (स्कॅनर नेटवर्कवरनं दुसऱ्या मशीनला देणारा सेनचा प्रोग्रॅम) चालू केलं, सेनडी डॉट कॉन्फमध्ये माझ्या मशीनला परवानगी दिली, वर डीएलएलमध्ये नेट ही ओळ (दुसऱ्या मशीनचा स्कॅनर वापरायचा ड्रायव्हर) आणि नेट डॉट कॉन्फमध्ये खालचा पत्ता, पोर्ट ६५६६. चाललं. फक्त खालचा लॅपटॉप बंद असला की वरचा प्रोग्रॅम उघडताना ताटकळतो, त्यासाठी नेट डॉट कॉन्फमध्ये कनेक्ट टाइमआउट कमी करून ठेवलाय. आणि स्क्रिप्ट (आपोआप चालणाऱ्या कमांडची फाइल) लिहिणार असाल तर स्कॅनइमेज डॅश एल दाखवतं ते डिव्हाइसचं लांबलचक आकड्यांचं नाव त्यात घालू नका, वायर काढून परत लावली की आकडा बदलतो, माझी स्क्रिप्ट दुसऱ्याच दिवशी झोपली. नुसतं जेनेसिस लिहिलं तर पुरतं.

क्वालिटी ३०० डीपीआय ग्रेमध्ये मस्त, पेन्सिलीतली तोलाई-हमालीची आकडेमोडसुद्धा वाचता येते. जाड वहीच्या शिवणीजवळची अक्षरं तेवढी धुरकट येतात, त्यात सेनचा दोष नाही, या पातळ स्कॅनरांचा सेन्सर काचेला चिकटलेल्या कागदापुरतंच नीट बघतो. त्यासाठी मामा वहीवर तळहात दाबून बसतात, आणि दर दहा पानांनी भडंग खायला उठतात, मग काच पुसायचं काम माझं. अकरा वह्या झाल्यात, मोडीतल्या दोन अजून उघडल्या नाहीत, त्यांची शिवण सोडायची का नाही यावर मामा-मामीचं एकमत झालेलं नाही.