अर्धपुतळा ब्राँझचा की फायबरचा?

तालीम असो, वाचनालय असो की शिक्षण संस्था, समितीत पुतळ्याचा विषय निघाला की गाडी शेवटी इथेच अडते. कोल्हापुरात चांगल्या शिल्पकारांची वानवा नाही. त्यांच्याकडून कशात करून घ्यायचा हाच खरा प्रश्न. आमच्या संस्थेच्या आवारात आधी गुरुजींचा फायबरचा अर्धपुतळा होता, आता ब्राँझचा आहे.

पैसा आणि वेळ बघितला तर फायबरच जिंकतो. दोघांनी उचलून चबुतऱ्यावर ठेवता येतो, जयंती तोंडावर आली असली तरी जमून जातं. पण चेहरा जमतो तो आधी घडवलेल्या मातीच्या नमुन्यात, आणि ते काम दोन्हीकडे सारखंच. सार्वजनिक जागेसाठी कला संचालनालय मान्यता देतं तीही हा मातीचा नमुना, म्हणजे क्ले मॉडेल बघूनच. तेव्हा फायबर करायचाय म्हणून शिल्पकाराच्या मागे घाई लावू नका.

माझं मन फिरलं ते रंगामुळे. उन्हात फायबरचा रंग उडतो, मग जयंतीच्या आदल्या दिवशी रंगारी येतो आणि सोनेरी हात मारून जातो. पहिल्या वर्षी झकास दिसतं. पुढं थरावर थर चढत जातात. आमच्याकडे आधी मिशीचे केस बुजले, मग फेट्याच्या चुण्या, आणि शेवटी वरच्या पापणीची कड गेली. ती कड गेली आणि नजरच गेली. ज्यांनी गुरुजींना पाहिलं होतं, ती माणसं हार घालताना म्हणायची, ‘हे आमचे गुरुजी वाटत नाहीत.’ पॉलिश पेपरने रंग काढायला जावं तर उरलीसुरली रेघही घासली जाते. दरवर्षी हे बघणं मला फार लागायचं.

ब्राँझला रंगाचा थर नसतो. पॅटिना, म्हणजे ब्राँझच्या पृष्ठभागाची रंगछटा, रसायन आणि उष्णता देऊन धातूच्या अंगातच आणतात, त्यामुळे कोरलेलं बुजत नाही. वर्षातून एक-दोनदा साधं पाणी, मऊ ब्रश आणि मेणाचा हात पुरतो. ओतण्याआधी मेणाची प्रत निघते, तेव्हा मात्र फाउंड्रीत, म्हणजे धातू ओततात त्या कारखान्यात, जाऊन नक्की बघा. कानाची पाळी, ओठांची कड तिथे अजून सुधारता येते. ओतल्यावर छिन्नी चालवणं जिकिरीचं.

धातू घेतला म्हणजे निर्धास्त, असंही नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा ब्राँझचाच होता. डिसेंबर 2023 मध्ये उभा राहिला आणि 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला. नटबोल्ट गंजल्याचं तेव्हा पुढं आलं. अर्धपुतळ्याला तेवढा सांगाडा लागत नाही, तरी चबुतऱ्यातले बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्या.

सभागृहात, छताखाली ठेवायचा असेल तर फायबर काही वाईट नाही, असं माझं मत. पण उघड्यावर ठेवायचा असेल तर पिढ्यांचा विचार करावा. बिंदू चौकातले महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे अर्धपुतळे भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने 9 डिसेंबर 1950 ला बसले, बाबासाहेब हयात असताना. आज त्यांच्यापुढे हार घेऊन उभी राहते ती पुढची पिढी.

पैसे आत्ता नसतीलच, तर फायबरचा करून आत ठेवा आणि प्लास्टरची मूळ प्रत जपून ठेवायचं शिल्पकाराशी आधीच लेखी ठरवा. वर्गणी जमली की त्याच प्रतीवरून ब्राँझ ओतता येतो, चेहरा पुन्हा घडवावा लागत नाही.