एक्सेलचा जुना मॅक्रो जावास्क्रिप्टमध्ये नेताना : फुकटचा एआय कन्व्हर्टर कितपत चालतो?

गोव्यातल्या मांद्रे, मोरजी, कळंगुट पट्ट्यातल्या बऱ्याच घरगुती गेस्ट हाऊसची बिलं अजून एक्सेलमधल्या एखाद्या व्हीबीए फंक्शनवर (एक्सेलच्या आतल्या भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्राम, म्हणजेच मॅक्रो) चालतात. आता तोच हिशेब वेबसाइटच्या बुकिंग पानावर हवा असतो, म्हणजे ब्राउझरच्या जावास्क्रिप्ट भाषेत. फंक्शन वीस-पंचवीस ओळींचं. एवढ्याशा कामाला प्रोग्रामर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. मग चॅटमधल्या एआय सहाय्यकापुढे कोड पेस्ट करायचा आणि 'हे जावास्क्रिप्टमध्ये करून दे' म्हणायचं. हे परीक्षण त्या सोयीचं आहे. कुठल्याही एका सहाय्यकाचं नाव घेतलेलं नाही. मॉडेलं बदलत राहतात, पण चुका वारंवार त्याच चार-पाच जागी सापडतात, आणि त्या जागा ठाऊक असणं जास्त कामाचं.

आमचं मत आधीच सांगतो : वापरा, पण बिलाचा आकडा पडताळल्याशिवाय पान चालू करू नका. कोडच्या व्याकरणाला पूर्ण गुण, तारखांना काठावर पास.

जे चांगलं आहे ते खरंच चांगलं आहे. इफ-एल्स, सिलेक्ट केस, फॉर-नेक्स्ट लूप हे सगळं सफाईने उतरतं. व्हीबीएच्या एडिटरमध्ये देवनागरी लिहिली की प्रश्नचिन्हं उमटतात, म्हणून जुन्या मॅक्रोंत मराठी अक्षरं आकड्यांनी लिहिलेली असतात ('न' म्हणजे २३४४). ते आकडे ओळखून सहाय्यक सरळ 'न' लिहून देतो आणि पुढे कोड वाचणाऱ्याचे डोळे वाचतात. मराठीत प्रश्न विचारला तरी नीट कळतो.

आता रात्री मोजण्याकडे वळू. सगळ्यात महाग चूक इथे होते. व्हीबीएचं डेटडिफ (दोन तारखांतला फरक काढणारं फंक्शन) 'दिवस' या मापाने चालवलं की ते दोन वेळांमधल्या मध्यरात्री मोजतं. पाहुणा ५ तारखेला दुपारी २ वाजता आला आणि ८ तारखेला सकाळी ११ वाजता गेला, तर उत्तर ३. जावास्क्रिप्टमध्ये दोन तारखांची वजाबाकी मिलिसेकंदांत येते. तिला २४ तासांनी भागलं की मिळतात २.८७५ दिवस. कन्व्हर्टरने खाली पूर्णांक घेतला तर २ रात्री, म्हणजे मालकाचं एका रात्रीचं भाडं गेलं. वर घेतला तर ३ येतात आणि सगळं बरोबर वाटतं. पण पाहुणा सकाळी १० वाजता लवकर आला आणि शेवटच्या दिवशी ११ वाजता गेला की ३ दिवस १ तास होतो, आणि वर घेतलेला आकडा ४ दाखवतो. दोन्हीवर उपाय एकच : वेळ टाकून द्या, वर्ष-महिना-दिवस वेगळे करा, दोन्ही तारखा डेट.यूटीसीने (जागतिक प्रमाणवेळेत तारीख बांधणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) बांधा आणि मग वजाबाकी करा. तिथे महिना शून्यापासून मोजतात, डिसेंबर म्हणजे ११, हे विसरू नका. एक तारीख यूटीसीत आणि दुसरी स्थानिक वेळेत बांधली गेली तर साडेपाच तासांचा फरक पडतो आणि खाली पूर्णांक घेतल्यावर पुन्हा एक रात्र हरवू शकते.

तारीख वाचण्यात याहून लबाड चूक लपलेली असते. भारतीय सेटिंग असलेल्या संगणकावर व्हीबीएच्या सीडेटला (मजकुरातून तारीख काढणारं फंक्शन) '०५/१२/२०२५' दिलं की ५ डिसेंबर कळतो. तोच मजकूर जावास्क्रिप्टच्या न्यू डेटला दिला की ब्राउझर १२ मे समजतो. पाहुण्याने ५ ते ८ डिसेंबर बुकिंग केलं तर हिशेब १२ मे ते १२ ऑगस्टचा होतो आणि ३ रात्रींच्या ९२ होतात. दिवस १३ किंवा पुढचा असला की तारीखच अवैध ठरते आणि बिलाच्या जागी 'नॅन' (म्हणजे 'हा आकडा नाही') दिसतं. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत चूक गुपचूप घडते आणि पुढे नाताळच्या आठवड्यात पानच कोलमडतं. एचटीएमएलचा तारखेचा रकाना वापरला तर मजकूर वर्ष-महिना-दिवस असा येतो आणि हा प्रश्न मिटतो. जुन्या एक्सेल फाइलीतून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले रकाने असलेली साधी फाइल) आणत असाल तर एक्सेलमध्येच तारखांचा नमुना तसा करून घ्या.

तिसरी जागा अधिकच्या चिन्हाची. ३ रात्री, १५०० दर, म्हणजे ४५००. जादा गादीचे ३०० फॉर्मच्या रकान्यातून येतात आणि तो मजकूर असतो. व्हीबीए आकडा अधिक आकड्यासारखा मजकूर यांची बेरीज ४८०० करतो. जावास्क्रिप्ट ते शेजारी चिकटवून ४५००३०० करतो, त्यावर ५ टक्के कर धरला की बिल ४७,२५,३१५ रुपये. हे निदान लगेच दिसतं. स्वल्पविराम मात्र दिसत नाही : '१,५००' हे जावास्क्रिप्टच्या पार्सफ्लोटला (मजकुरातून आकडा काढणारं फंक्शन) दिलं की त्याला फक्त १ ऐकू येतो, तर व्हीबीएचं सीडबल १५०० वाचतं. रिकाम्या रकान्याचं वेगळंच. एक्सेलची रिकामी पेटी (सेल) हिशेबात ० धरली जाते, पार्सफ्लोट रिकाम्या मजकुराला 'नॅन' म्हणतं. म्हणून आधी स्वल्पविराम काढा, मग जावास्क्रिप्टचं नंबर हे फंक्शन वापरा. त्यात रिकामं म्हणजे ० येतं.

पैसे पूर्ण रुपयात नेणं हा आमच्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, कारण इथे कोड दिसायला हुबेहूब असतो. एका रात्रीचा दर १२५०, कर ५ टक्के, एकूण १३१२.५०. व्हीबीएचं राउंड अर्धा रुपया जवळच्या सम आकड्याकडे नेतं, म्हणून १३१२. जावास्क्रिप्टचं मॅथ.राउंड १३१३ देतं. एक्सेलच्या पेटीतलं राउंड सूत्रही १३१३ देतं, म्हणजे एकाच फाइलमध्ये मॅक्रो आणि पेटी यांचं एकमत नसतं. दर १३५० असेल तर दोन्हीकडे १४१८ येतात, म्हणून एका उदाहरणावर भागत नाही. परताव्यात आणखी गंमत नाही, नुकसानच : मॅथ.राउंड उणे १३१२.५० चं उणे १३१२ करतं. बिल १३१३ चं झालं, रद्द केल्यावर परत गेले १३१२, आणि खात्यात एक रुपया लोंबकळत राहिला.

मग बरोबर कोण? केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७० सांगतं की कराच्या रकमेत ५० पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे. म्हणजे सम आकड्याचा नियम इथे चालतच नाही, जुना मॅक्रो असला तरी. पूर्णांक कुठे करायचा तेही ठरवा : केंद्राचा आणि राज्याचा कर वेगळा पूर्ण केला तर ३१.२५ चे ३१ आणि ३१, मिळून ६२, एकत्र ६२.५० पूर्ण केला तर ६३. कन्व्हर्टरला हे विचारायचं सुचत नाही. तुम्ही सांगावं लागतं. रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवणं सर्वात सुरक्षित.

दराचंही तसंच. ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. जुन्या फंक्शनमध्ये ०.१२ लिहिलेलं असेल तर कन्व्हर्टर तेच इमानदारीने नव्या कोडमध्ये लिहितो. दर फंक्शनच्या बाहेर काढून द्यायला सांगा.

पडताळणी अशी करा. कोड चिकटवण्याआधी एक्सेलमध्येच एक तक्ता मांडा : आगमन, प्रस्थान, दर, जादा गादी आणि शेवटच्या रकान्यात जुन्या फंक्शनचं उत्तर. ओळींमध्ये त्याच दिवशी आलेला-गेलेला पाहुणा, ३१ जानेवारी, २९ फेब्रुवारी २०२४, वर्ष ओलांडणारा मुक्काम, ५ डिसेंबर आणि २५ डिसेंबर, १२५० आणि १३५० चे दर, रिकामी जादा गादी, स्वल्पविरामाचा दर आणि एक परतावा असायलाच हवा. फाइल यूटीएफ-८ (मराठी अक्षरं सांभाळणारी साठवण्याची पद्धत) सीएसव्ही म्हणून जतन करा, नाहीतर मराठी नावं जातात. हा तक्ता कोडसोबतच सहाय्यकाला द्या आणि म्हणा, 'प्रत्येक ओळीचं उत्तर जुळलं पाहिजे. जिथे जुना नियम कायद्याशी विसंगत आहे तिथे बदल न करता मला दाखव.' नुसता कोड देण्यापेक्षा याने कितीतरी चांगलं फंक्शन हाती येतं. तरीही तक्ता स्वतः चालवून बघा. 'सगळं जुळलं' हे सहाय्यकाचं वाक्य पुरावा धरू नका.

पूर्ण फाइल कधीही चढवू नका. परदेशी पाहुण्यांच्या नोंदणीसाठी लिहिलेले पासपोर्ट क्रमांक बहुधा त्याच फाइलीत दुसऱ्या पानावर असतात. फक्त फंक्शनचा मजकूर आणि बनावट नावांचा तक्ता द्या.

काही मॅक्रोंसाठी ही सोय घेऊच नये. जे थेट पेट्यांत लिहितात, छापायला पान मांडतात किंवा यूजरफॉर्म (एक्सेलची माहिती भरायची खिडकी) उघडतात, त्यांना ब्राउझरमध्ये थेट जोड नाही; सहाय्यक काहीतरी लिहून देतो, पण ते बहुधा चालत नाही. 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' (चूक आली तरी पुढे चल) असलेला कोडही जपून. त्याचं रूपांतर बहुधा चूक पकडून गप्प बसणाऱ्या रिकाम्या कॅच ब्लॉकमध्ये होतं आणि खऱ्या चुका त्याच्याआड लपतात. ती ओळ आधी एक्सेलमध्ये काढा, मॅक्रो कुठे अडतो ते बघा, मगच रूपांतराला द्या. नवं पान चालू झालं तरी जुनी फाइल फक्त वाचण्यापुरती ठेवा आणि जीएसटीच्या एका तिमाहीचं विवरण दोन्हीकडून जुळेपर्यंत हलवू नका.